पाड्यावर मुलांसाठी आपल्या भाषेचा तास कसा सुरू करावा, आणि तो बंद का पडतो

९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, जवळ आला की पाड्यापाड्यावर लगबग सुरू होते. मुलांकडून गोंडी, कोरकू, पावरी किंवा कोलामी गाणं बसवून घेतलं जातं. मुलं पाठ करतात, कार्यक्रमात टाळ्या मिळतात, फोटो गटात फिरतात. दुसऱ्या दिवशी आजी अंगणातून आपल्या भाषेत हाक मारते आणि तीच मुलं मराठीत उत्तर देतात.

मुलांमध्ये भाषेचा अभिमान आणि आत्मविश्वास यावा म्हणून धडपडणारे बहुतेक जण हेच करतात: मंच आधी, लिपी त्यानंतर, तक्ते त्यानंतर आणि बोलणं सगळ्यात शेवटी. खरा क्रम नेमका उलटा आहे. भाषेने आपलं काहीतरी काम झालं, कुणाला तरी आपली गरज पडली, असं मुलाला वाटलं की ते धीट होतं. टाळ्यांनी ते तेवढ्यापुरतं खूश होतं. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. मधला एखादा टप्पा गाळून पुढे जाऊ नका. विशेषतः पहिला. तो सगळ्यांनाच कंटाळवाणा वाटतो.

## १. आधी पाडा नीट ऐका

घरोघर जा, पण वही घेऊन 'तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?' असं विचारू नका. बाहेरचा माणूस, मास्तर किंवा शिकलेला तरुण असं विचारतो तेव्हा लोक हमखास 'मराठीच बोलतो' म्हणतात. त्यात खोटेपणा नाही. तसं म्हणायची सवय त्यांना लावली गेली आहे. त्याऐवजी असे प्रश्न विचारा:

- आजी नातवाला जेवायला कोणत्या भाषेत बोलावते? नातू उत्तर कोणत्या भाषेत देतो?
- आई रागावली की कोणत्या भाषेत रागावते?
- बाजाराच्या दिवशी ओळखीचं माणूस भेटलं तर बोलणं कशात होतं? शेजारी परका उभा असेल तर बदलतं का?
- घरातलं मोठं भावंड धाकट्याशी कशात बोलतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आईवडील मुलांशी आपल्या भाषेत बोलतात, पण भावंडं आपसात मराठीत बोलतात, अशी अवस्था आली की भाषा घरातून निघायला सुरुवात झाली आहे असं समजा.

यावरून प्रत्येक मुलाची नोंद चारपैकी एका गटात करा: सहज बोलणारं, कळतं पण उत्तर मराठीत देणारं, थोडे शब्द माहीत असणारं, काहीच न कळणारं. मग तुमचा पाडा कोणत्या प्रकारात बसतो ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार: घरी भाषा जिवंत आहे, पण मूल शाळेत किंवा बाजारात ती लपवतं. मेळघाटातल्या अनेक कोरकू गावांत आणि भामरागडकडच्या माडिया गावांत असं दिसतं. इथे भाषा शिकवायची नसते. लाज घालवायची असते. टप्पा ४ लवकर उरका आणि टप्पा ८ वर जोर द्या.

दुसरा प्रकार: भाषा फक्त म्हाताऱ्यांकडे उरली आहे. विदर्भाच्या सपाट भागातल्या, शहरांजवळच्या अनेक गोंड वस्त्यांत ही स्थिती आहे. इथे टप्पा ४ आणि ५ हेच खरं काम, आणि त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात.

बाहेरून आलेले कार्यकर्ते दोन्ही ठिकाणी एकच कार्यक्रम राबवतात. पहिल्या प्रकारच्या पाड्यात घरी धडाधड कोरकू बोलणाऱ्या पोराला 'हा वाघ, हा ससा' असं कोरकूत शिकवायला बसतात. पोराला कळत नाही की हसावं की काय करावं.

> सावधान: मोठ्या आकड्यांवर विसंबू नका. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख, कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार आणि कोलामी बोलणारे १ लाख २८ हजार नोंदले गेले. तुमच्या पाड्यात दहा वर्षांखालची किती मुलं बोलतात, हे त्यावरून कळत नाही. तुमच्या कामाचा आकडा तोच.

याच टप्प्यात आणखी एक गोष्ट ठरवून टाका: पाड्याची बोलण्याची जी तऱ्हा असेल तीच तासात चालेल. तालुका बदलला की गोंडीचे शब्द आणि हेल बदलतात. भिली-पावरी पट्ट्यात तर नदी ओलांडली तरी फरक जाणवतो. 'शुद्ध' कोणती यावर बैठका घेत बसलात तर तास सुरूच होणार नाही. मुलाच्या आजीची भाषा शुद्ध. विषय संपला.

## २. मोठ्या माणसांशी बोलणी

तास चालवणारी खरी माणसं म्हणजे पाड्यातले म्हातारेकोतारे. त्यांना 'शिकवायला या' म्हणू नका. शाळेत कधी न गेलेल्या किंवा शाळेत मार खाल्लेल्या बाईला 'शिकवा' म्हटलं की ती अंग चोरते. 'तुम्ही तुमचं काम करा, पोरं शेजारी बसतील, तुम्ही फक्त आपल्या भाषेत बोलत राहा' असं सांगा. तीन-चार जण तयार करा. एकावरच भार टाकला तर तो आजारी पडला की तास बंद.

मुलं येण्याआधी या मोठ्यांची वेगळी बैठक घ्या. त्यात एकच नियम पक्का करा: मूल चुकलं तर हसायचं नाही. म्हातारी माणसं वाईट हेतूने हसत नाहीत. नातवाचे बोबडे उच्चार त्यांना गोड वाटतात. पण आठ-दहा वर्षांचं पोर एकदा चारचौघांत हसं झालं की महिनाभर तोंड उघडत नाही. अशी कितीतरी मुलं आहेत ज्यांना सगळं कळतं, पण बोलत नाहीत, आणि त्यातल्या अनेकांच्या गप्पपणामागे असंच कुणाचं तरी हसणं आहे. चूक सुधारायची तर बरोबर वाक्य आपण सहज पुन्हा म्हणायचं आणि पुढे जायचं.

आता आईवडील. त्यांची भीती एकच असते: 'आपल्या भाषेत अडकलं तर पोर मराठी-इंग्रजीत मागे पडेल.' ही भीती उडवून लावू नका. त्यांनी स्वतः भाषेपायी अपमान सोसलेला असतो. तीन गोष्टी शांतपणे सांगा. तास शाळेऐवजी नाही, शाळेबरोबर जादाचा आहे. मूल दोन-तीन भाषा सहज पेलतं. बाजारात तुम्ही स्वतःच रोज पेलता. आणि तिसरी, विचारणाऱ्यांसाठी: कॅनडाच्या नुनाविक भागात इन्युइत या तिथल्या आदिवासी समाजाच्या बालवर्गांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर स्वतःच्या भाषेत शिकलेल्या मुलांचा स्वतःबद्दलचा आदर वाढलेला दिसला. इंग्रजी-फ्रेंचमधून शिकलेल्या त्याच समाजाच्या मुलांत ती वाढ दिसली नाही.

तरीही एखादं घर नको म्हणालं तर सोडून द्या. त्यांचं पोर दोन महिन्यांनी आपोआप येऊन बसतं.

पैशाचं म्हणाल तर फार लागत नाही, पण म्हाताऱ्यांच्या वेळेला मोल आहे, निदान चहापाणी आणि थोडं मानधन हवंच. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावात, असाल तर विषय ग्रामसभेत ठेवा. १९९६ च्या पेसा कायद्यातल्या कलम ४ प्रमाणे परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. आदिवासी उपयोजनेतून पेसा गावांना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतही शिक्षणावर खर्चाची वाट आहे. ठराव लेखी घ्या. उद्या कुणी 'हे कोणाला विचारून चाललंय?' म्हटलं तर तो कागद दाखवता येतो.

> पडताळणी: किमान तीन मोठी माणसं तयार आहेत का? न हसण्याचा नियम त्यांना पटला आहे का? यातलं एक जरी 'नाही' असेल तर थांबा.

## ३. जागा, वेळ, हंगाम

हंगाम आधी पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मेमध्ये तेंदूपत्ता, पेरणीला जून-जुलै. यात तास ठेवलात तर येणार कोण? ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारा पाडा असेल तर जुलैअखेर ते दिवाळी एवढाच हक्काचा काळ. स्थलांतर नसेल तर धान घरात आल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सगळ्यात बरं.

वेळ: आठवड्यातून तीनदा, एक-एक तास, दिवेलागणीच्या आधी. रविवारी एकदा चार तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

जागा: एखाद्या आजीची ओसरी, गोटुल (गोंड-माडिया गावातलं तरुणांचं जमण्याचं घर), झाडाखालचा पार. शाळेची खोली सुरुवातीला टाळा. बाकावर बसलं की मुलांच्या तोंडून मराठी येतं, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून काहीच येत नाही.

संख्या: आठ ते बारा मुलं, वयं मिसळलेली. थोडं बोलणारी दोन-तीन मोठी मुलं असली तर लहानांचं अर्धं काम तीच करतात.

नियम: त्या तासात फक्त आपली भाषा. अडलं तर हातवारे, चित्र, नक्कल. मोठ्या मुलांना मराठीत विचारू द्या, पण उत्तर आपल्याच भाषेत द्या.

> सावधान: मराठी बोललं तर दंड, उठाबशा, पाटी गळ्यात, असलं काहीही करायचं नाही. आपल्या भाषेवर हेच करून तिला गप्प केलं गेलं. तेच हत्यार उलट दिशेने वापरलं तरी मूल गप्पच होतं.

## ४. पहिले सहा आठवडे: हाताला काम, कानाला भाषा

बहुतेक तास इथेच फसतात. लोक प्राण्यांची, रंगांची, फळांची नावं असलेले तक्ते लावतात. महिनाभरात मुलाला चाळीस प्राणी पाठ होतात, पण त्याला 'मला पण दे' म्हणता येत नाही. नावं वेचून वाक्य होत नाही. वाक्य क्रियापदांवर उभं राहतं, आणि क्रियापदं काम करताना लागतात.

म्हणून सुरुवात कामाने करा. उदाहरण म्हणून पत्रावळीचा एक तास जवळून पाहू. पळसाची पानं, टाचायला बांबूच्या बारीक काड्या, मध्ये आजी, भोवती मुलं. आजी शिकवत नाही, ती पत्रावळ लावते आणि लावताना बोलते. तिचं बोलणं आपल्या भाषेत असतं, इथे अर्थापुरतं मराठीत देतो: 'हे फाटकं. टाक. दुसरं घे. मोठं घे. देठ तोड. हे यावर ठेव. धर. दाबून धर. काडी दे. टोच. अरे, हळू! आता फिरव. अजून एक.' पाच मिनिटांत एक पत्रावळ होते आणि हीच वाक्यं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. तासाभरात 'घे', 'दे', 'धर', 'ठेव', 'तोड', 'टाक' ही क्रियापदं प्रत्येक मुलाच्या कानावर कितीदा पडतात मोजू नका. कुणी अर्थ सांगितलेला नसतो. ज्याला 'धर' कळलं नाही त्याच्या हातून पान सुटतं, एवढीच परीक्षा.

तिसऱ्या-चौथ्या तासाला एखादी मुलगी शेजारच्या पोराला आजीच्याच सुरात म्हणते, 'अरे, हळू!' तिला कुणी बोल म्हटलेलं नसतं. इथून काम सुरू झालं असं समजा.

पत्रावळीसारखीच कामं निवडा: दोरी वळणं, झाडू बांधणं, भाजी निवडणं, मासे धरायचं साधन विणणं, अंगण सारवणं, वारली किंवा ढोल-बासरीवाल्या घरात त्या त्या कलेचं काम. अट एकच: ज्या कामात एकच क्रिया पुन्हा पुन्हा येते ते घ्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषांच्या लोकांनी १९९० च्या दशकात नेमकी हीच पद्धत धरली, एक जाणता आणि एक शिकाऊ, दोघांनी मिळून रोजची कामं फक्त त्या भाषेत करायची.

याच काळात मुलांना सहा वाक्यं पक्की द्या. ती नसतील तर अडलेलं मूल लगेच मराठीत वळतं:

१. हे काय?
२. पुन्हा सांग.
३. मला कळलं नाही.
४. मला दे.
५. मी करू का?
६. याला काय म्हणतात?

पडताळणी सोपी. सहा आठवड्यांनी आजीने मुलाकडे न पाहता, हात न दाखवता सांगितलेलं काम मूल करतं का? दहापैकी सात मुलं करत असतील तर पुढे जा. नसतील तर कामं बदला, मुलांना दोष देऊ नका.

## ५. बोलतं करा, पण बोलून दाखवायला लावू नका

दुसऱ्या प्रकारच्या पाड्यात मुलाला समजायला लागलं तरी ते बोलत नाही. घाई करू नका. बोलायला कारण द्या.

सगळ्यात चालणारी युक्ती म्हणजे निरोप. मुलाला एका घरातून दुसऱ्या घरी आपल्या भाषेत निरोप घेऊन पाठवा आणि उत्तर आणायला सांगा. 'बुधवारी पाणी कोण सोडणार?' 'तुमची शेळी सापडली का?' निरोप खरा हवा, खोटा नको. खोटा निरोप मुलांना लगेच कळतो. निरोप बरोबर पोहोचला तर दोन घरांचं काम होतं, आणि ते मुलामुळे होतं. वक्तृत्व स्पर्धेने जे होत नाही ते या फेऱ्यांनी होतं.

दुसरी युक्ती उखाणे-कोडी. प्रत्येक समाजात ती भरपूर असतात आणि म्हाताऱ्यांना ती घालायला फार आवडतं. मुलांनी घरून एक कोडं आणायचं आणि तासात घालायचं. उत्तर मोठ्यांना आलं नाही तर पोरं चेकाळतात. चेकाळू द्या.

खेळांत पिढ्यान्पिढ्याचे मैदानी खेळ त्यांच्याच मोजणीसह आणि आरोळ्यांसह घ्या. खेळ मोडू नये म्हणून मूल भाषा धरून ठेवतं.

> सावधान: पाहुणे आले की मुलाला पुढे ओढून 'बोल रे, बोलून दाखव' म्हणायचं नाही. अधिकारी असो, पत्रकार असो की संस्थेचा अध्यक्ष. पाहुण्याला हवं तर त्याने बसून काम करावं आणि मुलांना विचारावं 'याला काय म्हणतात?' मग मूल शिकवणारं होतं आणि पाहुणा शिकणारा.

## ६. रेकॉर्डिंग

मोबाइल सगळ्यांकडे आहे म्हणून लोक पहिल्या दिवसापासून रेकॉर्ड करत सुटतात. आधी विश्वास बसू द्या, मग करा.

परवानगी: प्रत्येक वेळी, बोलणाऱ्याच्या भाषेत, आणि तीच फाइलच्या सुरुवातीला रेकॉर्ड करा: नाव सांगायचं की नाही, कुणी ऐकायचं, बाहेर टाकायचं का.

काय करायचं नाही: कुळाच्या देवाची गाणी, मृत्यूच्या विधीची गाणी, भूमका किंवा भगत (गावचे पुजारी-वैदू) यांची मंत्रविद्या, फक्त ठरावीक हंगामात किंवा ठरावीक माणसांनी म्हणायची गीतं. मुलांच्या तासाला त्यांची गरज नाही. ती यूट्यूबवर गेली की परत घेता येत नाहीत, आणि गावातले जाणते कायमचे दुरावतात.

कसं करायचं: फोन फ्लाइट मोडवर, बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर, कोंबड्या आणि डीजेपासून लांब. एका फाइलमध्ये एकच गोष्ट. फाइलचं नाव त्याच दिवशी बदला: तारीख, गाव, विषय. नंतर बदलू म्हटलेल्या फाइली कधीच बदलल्या जात नाहीत. दोन प्रती ठेवा, एक मेमरी कार्डवर, एक गावाबाहेर कुणाकडे तरी.

रेकॉर्डिंगचं काम मुलांकडे द्या. बारा-तेरा वर्षांच्या पोराला फोन द्या आणि 'तुझ्या लहानपणी पावसात काय खायचे' हे आजोबांना विचारायला सांगा. प्रश्न त्याला आपल्या भाषेत विचारावा लागतो.

## ७. लिहिणं: घाई नको

मुलं बोलती झाली, निदान साधी वाक्यं सुटी म्हणू लागली, की मगच लिहायला घ्या.

लिपीवरून गावात दोन गट पडू शकतात, म्हणून हा निर्णय तास चालवणाऱ्यांनी घ्यायचा नाही, ग्रामसभेत घ्यायचा. गोंडीसाठी दोन लिप्या चर्चेत असतात: मसराम गोंडी, जी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये (फोन-संगणकावर चालणाऱ्या अक्षरांच्या जागतिक यादीत) आली, आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली गुंजाळा गोंडी, जी २०१८ मध्ये आली. दोन्हींबद्दल लोकांच्या मनात आपुलकी आहे, ती असावी. पण माझं मत विचाराल तर मुलांच्या पहिल्या वाचनासाठी देवनागरी घ्या. शाळेत अक्षरं तीच, फोनच्या कीबोर्डवर तीच, त्यामुळे मूल पहिल्याच दिवशी आपल्या भाषेतलं वाक्य वाचतं. स्वतःची लिपी वर्षभराने, थोड्या मोठ्या मुलांना, हौसेने शिकवा. नवी लिपी आणि नवी भाषा एकदम आली की दोन्ही सुटतात.

देवनागरीत लिहिताना मराठीच्या सवयी आड येतात. कोलामीसारख्या द्राविडी कुळातल्या भाषेत ए आणि ओ ह्रस्वही असतात, दीर्घही. मराठीत तो फरक नाही. त्यासाठी ऎ आणि ऒ ही अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, ती वापरा. कोरकू मुंडा कुळातली, तिचे आवाज आणखी वेगळे. जिथे खूण सापडत नाही तिथे गावात एक खूण ठरवा, भिंतीवर लिहून ठेवा आणि सगळ्यांनी तीच वापरा. परिपूर्ण नसली तरी चालेल, बदलती नको.

पहिलं पुस्तक बाहेरून आणू नका. मुलाने चित्र काढायचं, आपल्या भाषेत एक वाक्य सांगायचं, मोठ्या मुलाने ते खाली लिहायचं. अशी बारा पानं शिवली की पुस्तक झालं. नंतर छापील साहित्य शोधा: एनसीईआरटी आणि म्हैसूरची भारतीय भाषा संस्था यांनी २०२४ मध्ये अनेक भाषांतल्या प्रवेशिका, म्हणजे लहान मुलांची पहिली वाचनाची पुस्तकं, काढल्या आहेत. तुमच्या भाषेची असेल तर आधी आजीला वाचून दाखवा. तिला परकी वाटणारी वाक्यं खोडा आणि तुमची घाला. पुस्तक पवित्र नसतं.

## ८. शाळेचं दार

पहिल्या प्रकारच्या पाड्यासाठी हा टप्पा सगळ्यात मोठा. मूल घरी बोलतंच आहे. ते गप्प होतं वर्गात. तेव्हा बदलायला हवं ते मास्तरांचं वागणं.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण तो हातात घेऊन भांडायला जाऊ नका. माहीत असू द्या: राज्यघटनेचं कलम ३५० क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल सांगतं, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं म्हणतं, आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण किमान पाचवीपर्यंत तेच म्हणतं. मुख्याध्यापकांसमोर मात्र मागण्या छोट्या ठेवा:

१. पहिली-दुसरीत मुलाने तोंडी उत्तर आपल्या भाषेत दिलं तर ते बरोबर धरावं.
२. परिपाठात आठवड्यातून एकदा एक कोडं किंवा गोष्ट मुलांच्या भाषेत व्हावी.
३. गुरुजी किंवा बाईंनी मुलांकडून आठवड्याला दोन वाक्यं शिकावी, वर्गात सगळ्यांसमोर, आणि चुकावं.

तिसरी मागणी किरकोळ वाटते, पण सगळ्यात जास्त फळ तीच देते. बाई 'पाणी प्यायला कोण जाणार?' हे कोरकूत विचारतात, उच्चार चुकतो, वर्ग हसतो, मागच्या बाकावरची कधी न बोलणारी मुलगी उठून दुरुस्त करते. बाई तिच्यामागून म्हणतात. पहिल्यांदाच त्या वर्गात त्या मुलीला असं काही येतं जे बाईंना येत नाही.

नावाची गोष्टही इथेच. हजेरीत मुलाचं नाव घरच्या उच्चाराने घेतलं जातं का ते पाहा. दाखल्यावर चुकीचं किंवा बदलून लिहिलेलं नाव असेल तर निदान तोंडी तरी खरं नाव चालू करा.

आश्रमशाळेत अनेक भाषांची मुलं एकत्र राहतात. तिथे एक भाषा निवडू नका. जेवणाच्या रांगेत, खेळात ज्याची त्याने बोलावी, कुणी अडवू नये, एवढं अधीक्षकांकडून मिळवा. ते मिळालं तरी पुष्कळ.

> सावधान: सुरुवातीलाच वेगळी शाळा काढायचा विचार टाळा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाची जिद्द मोठी, पण सरकारी मान्यतेचा प्रश्न उभा राहिलाच. तसं करायचं असेल तर मान्यता, दाखले आणि पुढच्या वर्गांतला प्रवेश यांचा विचार पहिल्या दिवशीच करा.

## ९. आता मंच

वर्षभराने कार्यक्रम करा, जरूर करा. फक्त पाठ केलेलं गाणं मुख्य ठेवू नका. मुलांना कोडी घालू द्या आणि उत्तरं प्रेक्षकांकडून येऊ द्या. सूत्रसंचालन दोन भाषांत मुलांनाच करू द्या. आजी-आजोबांची मुलाखत मंचावर मुलांनी घ्यावी.

वेशभूषेबद्दल एकच विनंती: भाड्याची पिसं, प्लॅस्टिकचे भाले आणि तोंडाला काळे-पांढरे पट्टे यांची ऑर्डर देऊ नका. तुमच्या पाड्यात कुणी असे कपडे कधी घातले होते? आजीच्या पेटीत काय आहे ते विचारा.

## १०. काय मोजायचं, आणि बंद पडलं तर

परीक्षा घेऊ नका. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलासाठी चार ओळी लिहा: न सांगता बोललं का? परक्यासमोर बोललं का? धाकट्या भावंडाशी बोलतं का? कुणाला दुरुस्त केलं का? पहिल्या टप्प्यातले चार गट काढून पाहा, मूल एका गटातून पुढे सरकलं का. शब्दसंख्या मोजण्यात वेळ घालवू नका.

तास अधूनमधून बंद पडतोच. बाहेर गेलेल्या कुटुंबातल्या एखाद्या मोठ्या मुलाच्या फोनमध्ये आजीच्या गोष्टींच्या फाइली भरून द्या, म्हणजे भट्टीवरही संध्याकाळी कानावर काहीतरी पडेल. तास चालवणारा तरुण नोकरीला गेला तर त्याच्या जागी बाहेरचा शोधू नका, तासातलीच चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा उभा करा. आणि पुन्हा सुरू करताना जिथे थांबलो तिथून न घेता टप्पा ४ च्या एखाद्या कामाने सुरुवात करा. तिसऱ्या तासापर्यंत मुलं आधीच्या जागी पोहोचतात.